बुडवून पाहिलेली घरं

घर बुडवून पाहिल्याशिवाय संघपाल ते कोणाच्या हाती देत नसे.

त्याच्या अंगणात गुरांच्या पाण्याचा जुना हौद होता. गुरं विकून झाली, हौद राहिला. त्या हौदाच्या तळाशी आता घरं असायची; वीत-दीड वीत उंचीची, कुठलं धाब्याचं, कुठलं टिनाचं, एखादं माडीचं. दुसऱ्या दिवशी बाही सारून तो कोपरापर्यंत हात घालायचा, घर वर काढायचा, उलटं करून कानाशी धरायचा आणि हळूच हलवायचा. आत पाणी वाजलं की संपलं. घर कितीही देखणं असो, दगडावर आपटून फोडायचा आणि तुकडे घमेल्यात भरायचा.

“अबे, एवढ्याशा भोकासाठी?” गुलाम रसूल म्हणायचा. हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. अमडापुरात टिनकामाचं दुकान होतं त्याचं, आणि या घरांची छपरं तोच कापून द्यायचा. “बोटभर सिमेंट लाव ना वरून. कोण पाहून राह्यलं?”

“पाणी पाह्यते,” संघपाल म्हणायचा.

मूळचा तो गवंडी. पण घरं बांधून त्याचं नाव झालं नाही, नाव झालं ते सिमेंटच्या वृंदावनांनी. चिखलीपासून मोताळ्यापर्यंत कितीतरी अंगणांत त्याच्या हातचं वृंदावन उभं होतं. त्याच्या स्वतःच्या दारात तुळस नव्हती, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. पण लोकांच्या तुळशीखालचा एकही कोपरा त्यानं कच्चा सोडला नाही. हात पक्का आणि जीभ कडू, असा माणूस. कुणाचं वाईट केलं की विसरून जाईल, पण कुणी त्याचं वाईट केलं तर ते सिमेंटसारखं आत धरून ठेवील, दिवसेंदिवस आणखी घट्ट करील.

त्याचं गाव लोणगव्हाण. ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे. चाळीसेक वर्षं झाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं तरी देवळाचा कळससुद्धा दिसत नाही, इतकं खोल. गावकरी पांगले, काही चिखलीला, काही अमडापूरच्या बाजूला वसवलेल्या नव्या गावठाणात. भाद्रपदातल्या सर्वपित्रीला मात्र ते धरणाच्या काठावर जमतात. वाडवडिलांचं मसण, घर, शेत सगळं खालीच, म्हणून पितरांचं पान पाण्याकडे तोंड करून वाढतात आणि कावळ्याची वाट पाहत उभे राहतात.

या गावातले अर्जुनराव रेल्वेत गेले. भुसावळकडे इंजिन चालवून चालवून निवृत्त झाले आणि चिखलीच्या रस्त्यावर शेतात बंगला बांधून राहिले. मुलगा परदेशात. त्यानं बापाला एक आगगाडी पाठवली, खेळण्यातली नव्हे. उघड्यावर, बागेत चालणारी. हातभर लांब इंजिन, मागे डबे, पितळी रूळ. आमच्या चिखलीला रेल्वे येणार हे इथल्या लोकांच्या आज्यानं ऐकलं, बापानं ऐकलं, मोजणीचे खांब पाहून पोरं म्हातारी झाली. ती अशी अर्जुनरावांच्या बागेत आली. लोक पाहायला येऊन म्हणायचे, “आली बाप्पा एकदाची! पण बसा कुठं?”

अर्जुनरावांची आई कौशल्याबाई तेव्हा ऐंशी ओलांडून गेलेली. तिला सून ओळखू येत नव्हती, जेवलो की नाही ते आठवत नव्हतं. गाव तेवढं राहिलं होतं डोक्यात. रोज दुपार कलली की ती लुगड्याचं गाठोडं बांधून पायरीवर येऊन बसायची.

“चाल रे अर्जुन, गावाले जाऊ. गाय बांधलेली राह्यली.”

“माय, गाव नाई आता.”

“गाव नाई म्हन्ते! मंग गाय कुठं बांधली मी?”

एक दिवस अर्जुनरावांना वाटलं, गावच इथं आणू. रुळांच्या मधोमध लोणगव्हाण उभं करू, आगगाडी गावातून फिरवू, मायला रोज खुर्ची टाकून समोर बसवू. त्यांनी संघपालला बोलावलं. संघपालही त्याच गावचा, वयानं दहाएक वर्षांनी धाकटा.

“बाहेर राहीन बरं हे,” अर्जुनराव म्हणाले. “पाऊस, ऊन, सगळं. वर छप्पर नाही टाकणार मी.”

“छप्पर कायले पायजे,” संघपाल म्हणाला. “गावावर होतं का छप्पर?”

पावसाला सगळेच भितात, पण आमच्या भागात खरा मारेकरी वैशाख. संघपालनं पहिलं केलं ते स्टेशन. गावाला कधी नव्हतं असं, पिवळ्या पाटीवर ‘लोणगव्हाण’ लिहिलेलं. खिडक्या त्यानं बाथरूमच्या दारांच्या प्लास्टिकच्या कापल्या. चैत्र संपता संपता त्या पापडासारख्या वळल्या, गोंद सुटला, आणि रंगवलेली लाल भिंत उन्हानं चाटून गुलाबी केली. त्यानं कोणाला न विचारता स्टेशन फोडलं. मग रीत बसली. जाळीचा सांगाडा, त्यावर संगमरवराची भुकटी घातलेलं सिमेंट, आणि रंग वरून नाही. गेरू, पिवडी सिमेंटातच कालवायची, म्हणजे ऊन कितीही खरवडो, खाली तोच रंग. दारं-खिडक्या टिनाच्या. छपरांसाठी गुलाम रसूल तेलाचे डबे फाडून पत्रा सळईवर मोडायचा, पन्हाळी पाडून द्यायचा. प्रत्येक घराचा तळ सिमेंटानं बंद, पाणी कुठूनच शिरू नये असा. घर झालं की ओल्या गोणपाटाखाली, मग एक अख्खा उन्हाळा संघपालच्या घराच्या टिनावर, आणि शेवटी हौदात.

पण गाव आठवायचं कोणी? गावकरी यायचे आणि भांडायचे. “माझ्या घराले माडी होती,” एक म्हणायचा. दुसरा म्हणायचा, “माडी? अबे, जळणाच्या पऱ्हाट्या ठेवायचा माळा होता तो. त्याले माडी म्हन्ते!” कोणाचं दार चुकलं, कोणाचा ओटा शेजाऱ्यापेक्षा बोटभर कमी झाला म्हणून तो चहा न घेता निघून गेला.

आठवलं ते संघपालच्या आईला. शालूबाईला.

शालूबाईनं गावातल्या सगळ्यांची शेतं निंदली होती, सगळ्यांची अंगणं झाडली होती. कुठल्या भिंतीला कोपऱ्यात पोपडा होता, कुठल्या ओट्याचा दगड हलायचा, कोणाच्या दाराची कडी आवाज करायची, सगळं तिला तोंडपाठ. फक्त एकाही घराचं आतलं तिला सांगता येत नव्हतं. आत ती कधी गेलीच नव्हती. संघपालला त्यानं काही अडलं नाही. अशा कामाला घराचं आत लागतच नाही.

दोन वर्षं चाललं ते. आळ्यासारखी मोठी जागा अर्जुनरावांनी विटांच्या कठड्यानं बांधून घेतली होती, गुडघ्याएवढ्या उंच. आत संघपालनं जमिनीला उतार दिला तो खऱ्या गावासारखा: वर देऊळ आणि अर्जुनरावांचं घर, मग गल्ल्या, मग दर्गा, आणि सगळ्यांत खाली नाला. अर्जुनरावांची हौस अशी की नाला पावसात खराखुरा वाहिला पाहिजे. म्हणून बंगल्याच्या गच्चीचा पाईप त्यांनी वरच्या टोकाला सोडवला. पाणी देवळामागून निघायचं, गल्ल्यांचं पाणी घेत खाली यायचं आणि खालच्या कोपऱ्यात कठड्याला ठेवलेल्या भोकातून बाहेर पडायचं. त्या खालच्या कोपऱ्यात, नाल्याच्या दोन्ही अंगांना, पुऱ्याची जागा होती. बौद्धपुरा. संघपालचं घर तिथलं.

पुऱ्याची घरं त्यानं सगळ्यांत शेवटी केली. आठ घरं आणि टिनाचं विहार, त्यावर नखाएवढा पंचशील ध्वज, पत्र्याचाच. इतरांची घरं त्यानं नीट केली होती. ही त्यानं हळू केली. आईच्या घराला तो महिनाभर बसला. दारापाशी पाट्याचा फुटका दगड. भिंतीला टेकवलेला खराटा, तांब्याच्या तारांचा.

“खराटा बराबर उभा केला,” शालूबाई बोटानं चाचपून म्हणाली. तिला आता अंधुक दिसायचं. “पावसाळ्यात सकाळी पयलं काम तेच राहे. गावाचं सगळं पानी आपल्या दारातून जाये. चूल पेटवायच्या आधी गाळ ओढा.”

“तू येशील पाहाले?”

“येतो ना. माझं घर गावात बसून राह्यलं, अन मी नाई येणार?”

संघपालला यातलं एवढंच हवं होतं. बाकी गाव त्यानं कामाचं म्हणून केलं होतं. नव्या गावठाणात पुऱ्याला पुन्हा खोलगट जागाच मिळाली होती, तेव्हा तो कोवळा होता, बाप नुसता हात जोडून उभा होता. आता आईचे डोळे पुरते जाण्याआधी एकदा, सगळ्यांच्या देखत, तिचं घर लोणगव्हाणात उभं दिसावं. आगगाडी त्याच्या दारावरून जावी.

श्रावणात तो टेम्पोत घरं घालून घेऊन गेला. अर्जुनराव रुळाशी उकिडवे बसले होते. सोबत गावातले दोघं-तिघं.

“संघपाल, एक अडचण झाली रे,” अर्जुनराव म्हणाले. “इंजिन या कोपऱ्यावर घसरते. वळण लय तंग आहे. रूळ बाहेरून घ्यावा लागते.”

“बाहेरून म्हणजे?”

“या खालच्या कोपऱ्यातून. इथं भराव टाकू. मुरूम टाकून उंच करू, वरून रूळ.”

संघपालनं कोपऱ्याकडे पाहिलं. “इथं पुरा हाय.”

“तेच तर.” अर्जुनराव हसले. ते वाईट माणूस नव्हते, आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. इंजिनात बसून बसून त्यांना समोरचा रूळ तेवढा दिसायचा. “जागाच नाही राह्यली. मी तरी काय करू?”

मागे उभा असलेला एक गावकरी बिडी विझवत म्हणाला, “गाव म्हणजे गाव दाखवा ना. फोटोत देऊळ आलं, चावडी आली, झालं. पुरा काय, तो तसाही गावाच्या बाहेरच होता.”

“दर्गाही बाहेरच होता,” संघपाल म्हणाला.

“दर्ग्यावर रूळ येत नाही,” दुसरा म्हणाला, आणि तिघंही हसले. त्यात कोणी काही मोठं बोललं असं त्यांना वाटलं नाही.

“तू असं कर,” अर्जुनराव म्हणाले, “ही घरं तुझ्याच अंगणात ठेव. शोभतील. पुढच्या साली आपण आळं वाढवू, मग पाहू.”

संघपालनं खालच्या कोपऱ्यातलं ते भोक पाहिलं. भराव आला की भोक मुरमाखाली जाणार होतं. वरून गच्चीचं पाणी, भोवती पक्का कठडा. रेल्वेत जन्म घालवलेल्या माणसाला भरावाखाली पाणी जायला मोरी लागते हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं, आणि त्यानं ते गिळलं.

“करून देतो भराव,” तो म्हणाला. “पक्का करून देतो.”

आणि दिला. मुरूम थराथरानं टाकला, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं ठोकला, वरून चाळणीनं चाळलेल्या सिमेंटचा हात फिरवला. भोक त्यानं आधी बुजवलं, मग झाकलं. इतकं मन लावून काम करताना त्याला अर्जुनरावांनी कधी पाहिलं नव्हतं. “असा कारागीर नाही मिळत,” ते बायकोला म्हणाले.

घरी आईनं विचारलं, “ठेवलं का घर?”

त्यानं खरं ते सांगितलं. आठ घरं आणि विहार परत आणलेलं तिला दिसलंच होतं. शालूबाईनं विचारलं ते वेगळंच.

“मंग गावाचं पानी कुठून जाईन रे?”

संघपाल हसला. “जाईन कुठूनही. मले काय त्याचं.”

आईनं त्याच्याकडे तोंड वळवलं, जणू लख्ख दिसत होतं तिला.

श्रावण कोरडा गेला, भाद्रपदही बराचसा. सर्वपित्रीला अर्जुनरावांनी सगळ्या गावकऱ्यांना धरणावर न जाता बंगल्यावर बोलावलं. या वर्षी पितरांचं पान बागेतल्या लोणगव्हाणापुढे वाढायचं, गाडी चालू करायची, जेवणं. संघपालला जायचं काही कारण नव्हतं. त्याच्या घरात पितर घालत नाहीत. तरी तो धुतलेला सदरा घालून निघाला. गुलाम रसूलला सोबत घेतलं.

“तुले कायले जायचं तिथं?” गाडीवर मागे बसून गुलाम रसूलनं विचारलं. “तुया घराले जागा नाई देली. मी असतो तर थुंकलो नसतो तिकडं.”

“काम पाहाले.”

“काम तर झालं.”

“नाई झालं अजून,” संघपाल म्हणाला. आकाशात परतीच्या पावसाचे ढग पश्चिमेकडून चढत होते, खालून काळे, वरून चुन्यासारखे पांढरे.

बाग माणसांनी भरली होती. आगगाडी गावातून फिरत होती आणि म्हातारी माणसं पोरांसारखी वाकवाकून आपापलं घर दाखवत होती. कौशल्याबाईला कठड्याजवळ खुर्ची टाकून दिली होती. ती गाडीकडे बघतही नव्हती. ती बघत होती आपल्या घराच्या बाजूच्या गोठ्याकडे. तिच्या सांगण्यावरून संघपालनं तिथं गाय केली होती, तांबडी, बोटभर, खुंट्याला तारेच्या दाव्यानं बांधलेली. तार त्यानं आतून सांगाड्याला वळसा देऊन सिमेंटात गाडली होती. ओढून निघणार नाही अशी.

“हाय,” कौशल्याबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. “हाय बाई, गाय हाय.” तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता. सून म्हणाली की किती वर्षांत तिला असं पाहिलं नव्हतं.

पानं वाढून होईपर्यंत पाऊस आला. थेंब मोजत येणारा नाही. एकदम, बादली उपडी केल्यासारखा. लोक कौशल्याबाईला खुर्चीसकट उचलून पडवीत धावले आणि तिथून पाहू लागले. गच्चीच्या पाईपातून पाणी धो धो सुटलं.

“वा!” अर्जुनराव ओरडले. “नाला पाहा, नाला!”

नाला वाहिला. देवळामागून आला, गल्ल्यांमधून खाली गेला आणि खालच्या कोपऱ्यात भरावाला येऊन टेकला. तिथं तो थांबला. मग मागे सरकू लागला. आधी दर्ग्याची पायरी गेली. मग खालची गल्ली. पडवीत कोणी हसत होतं, “अबे, तुयं घर चाललं!” आणि ज्याचं घर तोही हसत होता. मग चावडी गेली, आणि हसणं हळूहळू बंद झालं. पाणी गढूळ होतं आणि घाईत नव्हतं. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढत होतं, जसं तेव्हा चढलं होतं. एकही घर विरघळलं नाही, एकही छप्पर सुटलं नाही. सगळी तशीच्या तशी उभी राहून बुडत होती. संघपालनं प्रत्येक घर आधी बुडवून पाहिलं होतं.

तो खांबाला टेकून उभा होता. गुलाम रसूलनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं.

“तू हसून राह्यला का बे?” तो हळू आवाजात म्हणाला.

तेवढ्यात किंकाळी आली.

“गाय सोडा रे! कोणी गाय सोडा!”

कौशल्याबाईकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे पाण्याकडे पाहत होते. ती खुर्चीतून उठून पावसात गेली, कठडा कसा ओलांडला कोण जाणे, आणि गुडघ्यांवर पाण्यात बसून तिनं त्या बोटभर गाईचं दावं दोन्ही हातांनी धरलं. ओढलं. पुन्हा ओढलं. तार सुटेना. तिच्या बोटांतून रक्त आलं तरी सुटेना. “बांधली मी,” ती रडत होती, “म्याच बांधली व माय, सोडा तिले!” अर्जुनराव धावले. संघपालही धावला, पकड, पकड असं काहीतरी ओरडत. पण तार कापायची पकड गाडीच्या डिक्कीत होती. कौशल्याबाईनं सगळा जोर लावून मागे हिसका दिला आणि ती रुळावर कोसळली. हाड मोडल्याचा आवाज पावसातही ऐकू आला.

खुब्याचं हाड होतं. या वयात ते जुळत नाही. तिला खाटेवर आणून ठेवली ती तिथंच राहिली.

संघपालनं घरी सगळं सांगितलं. भराव, पाऊस, गाय, हाड. आपलं हसणं सोडून सगळं. शालूबाई ऐकत होती. मग म्हणाली, “गाय काऊन राह्यली होती तिची, ठाऊक हाय का तुले?”

“काऊन?”

“धरणाचं पानी सांगितल्या तारखेच्या आधी आलं. पयले आपल्या पुऱ्यात शिरलं. वरचे लोक उभे राहून पाहत होते. तिनं आपला सालदार अन बैलगाडी आपल्याकडं धाडली. तू तापानं फणफणला होता, तुले गोधडीत गुंडाळून त्या गाडीत टाकला. सालदार आपलं सामान काढत बसला, अन तिकडं तिची गाय सोडाले कोणी राह्यलं नाई.” शालूबाईनं पदरानं डोळ्यांतलं पाणी पुसलं. ते डोळ्यांच्या दुखण्याचं होतं की आणखी कशाचं, सांगता येत नव्हतं. “मी तुले म्हटलं होतं, पानी कुठून जाईन.”

तिनं एवढंच म्हटलं. शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

अर्जुनरावांनी त्याला पुन्हा बोलावलं तेव्हा तो रात्रीतच ठरवून गेला होता की सांगून टाकायचं. पण अर्जुनराव स्वतःलाच बोल लावत बसले होते.

“माझीच अक्कल गेली. भराव टाकला अन मोरी नाही ठेवली. इतकी वर्षं गाड्या चालवल्या मी! तुझा काय दोष? तुले जे सांगितलं ते तू केलं.”

संघपालच्या तोंडात शब्द होता. तो तिथंच राहिला.

“हा भराव फोड,” अर्जुनराव म्हणाले. “कोपरा पहिल्यासारखा खोल कर. रूळ खांबांवर घेऊ. आणि ती तुझी घरं आण. ठेव तिथं.”

“पुरा?”

“हो. पाण्याले कुठंतरी वाट तर पाहिजेच. नुसता खड्डा वाईट दिसते.”

आत खाटेवरून आवाज आला. “कोण आलं? गाय सोडली का?”

“सोडली, माय,” अर्जुनराव सवयीनं म्हणाले. त्यांनी संघपालला खूण केली. घरात येणाऱ्या प्रत्येकानं हेच सांगायचं होतं.

“सोडली, बाई,” संघपाल म्हणाला.

“कोणं सोडली?”

तो दारातच उभा राहिला. त्या घराचा उंबरा ओलांडायची आता कोणी मनाई केली नसती. तो उलट्या पावलांनी परतला.

घरं न्यायच्या आधी त्यानं आईला विचारलं. तिला वाटलं तर आपलं घर मागे ठेवू, असं म्हणाला.

“ने,” शालूबाई म्हणाली. “पन उंबरा उंच कर थोडा.”

त्यानं उंबरा उंच केला. घर पुन्हा गोणपाटाखाली ठेवलं, पुन्हा हौदात बुडवलं. या वेळी कानाशी धरून त्यानं ते दोनदा हलवलं. पाणी वाजलं नाही.

आता ते घर तिथं आहे. खांबांवरच्या रुळावरून आगगाडी त्याच्या टिनावरून जाते. शाळांच्या सहली येतात, बाया मोबाईल काढून म्हणतात, किती गोड नाला दाखवलाय. कौशल्याबाई पुढच्या आखाडीपर्यंत जगली, शेवटपर्यंत त्याच एका प्रश्नावर. शालूबाई घर पाहायला गेली नाही. डोळे पुरते गेले, आता काय पाहू, म्हणते.

पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर अर्जुनरावांचा फोन येतो आणि संघपाल जातो. गावाचा सगळा गाळ खालच्या कोपऱ्यात येऊन साठलेला असतो, आठही दारांत, नव्या उंबऱ्याच्याही वर. तो गुडघ्यांवर बसतो आणि रंगाच्या ब्रशानं, बोटांनी, नखांनी एकेका दारातला गाळ ओढून काढतो. परत येतो तेव्हा आई ओट्यावर बसलेली असते. गाडीचा आवाज आला की विचारते,

“कोरडं हाय का?”

“हाव, माय,” तो म्हणतो, आणि हौदावर जाऊन हात धूत राहतो.